लाखीची वार

सुलतानपूर,
ता. २० फेब्रुवारी १९६४

चिरंजीव वामनराव यांना सुलतानपूरहून रंगरावाचा रामराम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी घोडीचं ऐका. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, म्हून पत्र सूनबाईकडून लिहून घेऊन राह्यलो. म्या बोलतो तसंच लिही, मधात आपलं शहाणपण घालू नको, असं तिले सांगतलं हाय.

लाखी सोमवारी व्याली. शिंगरू नर हाय, मायसारखंच तांबडं, कपाळावर बोटभर पांढरं. घडीभरात उभं राह्यलं आन थानाले लागलं. गावातले लोक पाह्याले येऊन राह्यले. घोडी तुमच्या बाबानं आमच्या निवृत्तीच्या लग्नात आंदण दिलेली, म्हून पह्यली खबर तुमाले.

आता अडचण सांगतो. वार पडाले उशीर झाला. सकाळी व्याली, आन संध्याकाळपर्यंत लोंबूनच राह्यली होती. गाईले कधी कधी दोन दिवस लागते, म्हून म्या घाई केली नाही. बांबूचा पाला चारला. वारेले जुनं पायताण बांधलं, आपल्याकडं वजन बांधतात तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. नजर लागू नये म्हून निवृत्तीच्या मायनं लगेच उकिरड्यापाशी गाडून टाकली. पण कालपासून घोडी चंदीले तोंड लावत नाही, आन मागून घाण वास येते. तुमी जनावरायचे सरकारी डॉक्टर. एखादी पुडी पाठवा. नवव्या दिवशी तिले घोडा दाखवाचा हाय. हिवऱ्याच्या एकाजवळ काठेवाडी घोडा हाय, बोलणं पक्कं झालं. तवर तिले ठणठणीत कराले पायजे.

आशीर्वाद.

दादा, वरचं सगळं मामाजींचं आहे. 'घाण वास' च्या जागी मी काहीतरी बरं लिहीत होते तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि धरलं. इकडे सर्व ठीक. मी बरी आहे. वहिनींना नमस्कार.
— पूर्णा

*

भंडारा,
ता. २४ फेब्रुवारी १९६४

रंगरावमामांना वामनचा नमस्कार.

पत्र आज मिळालं आणि आजच उत्तर टाकतो आहे. तार करणार होतो, पण तुमच्याकडची तार पत्राच्या मागूनच पोचते हा अनुभव आहे. तेव्हा हे वाचाल त्या दिवशीच गाडी जुंपून मेहकरच्या गुरांच्या दवाखान्यात माणूस पाठवा आणि तिथल्या डॉक्टरांना घेऊन या. पुडीनं हे काम होणार नाही.

मामा, रागावू नका. तुम्ही जनावरांत जन्म घालवलात, पण घोडीला गाय समजलात. गाईची वार दोन दिवस राहिली तरी गाय निभावून नेते. घोडीला तेवढी सवड नसते. व्याल्यावर दोन-तीन तासांत वार पडायला हवी. नाही पडली तर आत विष तयार व्हायला लागतं आणि ते अंगभर जातं, थेट खुरांपर्यंत. वजन तर कधीच बांधू नये. पायताणाच्या ओढीनं वार फाटते, मोठा भाग बाहेर येतो, टोकाचा तुकडा आत चिकटून राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की वार पडली.

म्हणून मला या गोष्टी कळवा. वार पडल्यावर ती पसरून कुणी पाहिली का? घोडीची वार पायजम्यासारखी असते, दोन पाय आणि वर नेफा. दोन्ही पायांची टोकं शाबूत होती का? आता जे मागून येतं त्याचा रंग कसा आहे, पाण्यासारखं पातळ की पू? अंग तापतं का? पुढच्या खुरांना हात लावून पाहा, गरम लागतात का? उभी राहताना पाय पुढे टाकून मागे रेलते का?

आणि हात जोडून सांगतो, नवव्या दिवशी घोडा दाखवू नका. घोडी नवव्या दिवशी माजावर येते हे खरं आहे आणि निरोगी घोडीला आपले लोक दाखवतातही. पण आत जखम असताना दाखवलं तर घाण आणखी खोल जाते. यंदा नाहीच, पुढच्या वर्षी बघू. एक वर्ष शिंगरू नाही झालं म्हणून काही बिघडत नाही.

पूर्णे, तुझ्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. 'मी बरी आहे' हे तू लहानपणी ताप आला की म्हणायचीस. नीट लिही.
— वामन

*

सुलतानपूर,
ता. ५ मार्च १९६४

वामनराव,

तुमचं पत्र शुक्रवारी भेटलं. घोडा म्या बुधवारीच दाखवून आलो होतो. नववा दिवस होता, अन् शब्द दिलेला होता. आता तुमी काय म्हणसान ते ऐकून घेतो.

हिवऱ्याहून येतानाच घोडी थरथर कापून राह्यली होती. गुरुवारी अंगात ताप, शिंगराले दूध नाही. शुक्रवारी तुमचं पत्र सूनबाईनं वाचलं तवा म्या उठून खुरं पाह्यली. तव्यावानी गरम. पाय पुढं टाकून भिताडाले रेलून उभी होती, तुमी लिहलं तशीच. मंग कडूबा सालदाराले मेहकरले धाडलं. डॉक्टर पोरगेलाच हाय, पण हात चांगला. खांद्यापर्यंत तेल लावून हात घातला अन् आतून तळहाताएवढा तुकडा काढला. काळा पडलेला. वास असा की कडूबा बाहीर पळाला. मंग उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी रबराच्या नळीनं आत सोडलं, अन् तेच बाहीर काढलं. पुन्हा सोडलं, पुन्हा काढलं. पाणी नितळ आलं तवा थांबला. रोज सुई अन् एक दिवसाआड धुणं. चंदी बंद, कोंडा अन् हिरवा चारा. खुरायसाठी नाल्यात उभी करतो सकाळ-संध्याकाळ. आता ताप उतरला. शिंगरू गाईच्या दुधावर हाय.

डॉक्टर म्हणे, आणखी चार दिवस गेले असते तर घोडी गेलीच होती. तुमचं पत्र कामी आलं. वार कोणी पाह्यली का म्हून विचारलं होतं. नाही पाह्यली. आपल्यात पाहत नाही.

आशीर्वाद.

दादा, मामाजी एवढं सांगून गोठ्यात गेले. आता हे माझं आहे. हा कागद वेगळा घेतला आहे.

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. ओसरीवर मामाजी होते, हे खांबाला टेकून दोरी वळत होते, यांच्या आई, आत्याबाई, सुपात तूर पाखडत होत्या. 'वार पसरून कुणी पाहिली का' इथं मी आले आणि सुपाचा आवाज थांबला. 'अंग तापतं का, मागून पू येतो का' वाचताना माझाच आवाज मला परका वाटायला लागला. दादा, ते प्रश्न तू घोडीचे विचारत होतास आणि मी मनात एकेकाचं उत्तर देत होते.

तीन वर्षांपूर्वी माझं मूल गेलं तेव्हा मी तुला लिहिलं होतं की नंतर थंडीताप आला होता, आता बरी आहे. थंडीताप नव्हता. सोजराबाई सुईण होती, आता वारली बिचारी. तिला कुठंतरी दुसऱ्या घरी जायची घाई होती. वार येत नव्हती म्हणून तिनं पोटावर गुडघा ठेवला आणि नाळ धरून ओढली. वार तुकड्यातुकड्यांनी आली. आत्याबाईंनी ती गाडग्यात घालून परसात गाडली. मग महिनाभर ताप. अंगाखालचे कपडे मी स्वतः धूत असे, कारण त्यांचा वास दुसऱ्या कुणाला येऊ नये असं वाटे. शेकशेगडी केली, काढे दिले, उतारे उतरवले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टर आणायचा हे कुणाच्या मनातही आलं नाही, खरं सांगायचं तर माझ्याही नाही. पुढे ताप गेला. पण दर महिन्याला ओटीपोटात दुखतं आणि मधूनमधून अंगावरून पाणी जातं, ते गेलं नाही. मूलही पुन्हा राहिलं नाही.

परवा डॉक्टर लाखीला धूत होते तेव्हा मी दाराआड उभी राहून सगळं पाहिलं. नितळ पाणी आलं तेव्हा मला आनंद झाला आणि मग घोडीचा हेवा वाटला. हसू नको. मला खरंच तिचा हेवा वाटला.

घरात यांच्या दुसऱ्या लग्नाचं चाललं आहे. अक्षयतृतीयेचा मुहूर्त बघताहेत. मला कुणी घालवून देणार नाही, तसं मामाजींनी सांगितलं आहे. म्हणाले, 'तू थोरली म्हून राहशीन, चाव्या तुझ्यापाशीच.'

तर विचारायचं ते एवढंच. लाखीला आता शिंगरू राहील का? आणि बाईमाणसाला असं धुता येतं का? उत्तर मला एकटीला लिहायला जाऊ नकोस. इथं आलेलं प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचायचं असतं. घोडीचं लिहितोस त्यातच लिही. मी समजून घेईन.
— पूर्णा

*

भंडारा,
ता. ११ मार्च १९६४

रंगरावमामांना नमस्कार.

हे पत्र पूर्णा वाचून दाखवेल. तिनं एकही ओळ गाळू नये, अशी तिला माझी शपथ आहे.

आधी लाखीचं. तुम्ही डॉक्टर आणलात, नाल्यात उभी केलीत, धुणं चुकवलं नाहीत, म्हणून घोडी वाचली. पुढच्या वर्षी माजावर येईल तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मगच घोडा दाखवा. बहुतेक राहील. दहा-बारा दिवसांत उपाय झाला, हे तिचं नशीब.

आता दुसरं. तुमच्या घरात हाच आजार तीन वर्षांपूर्वी झाला होता. तेव्हाही वार ओढली गेली, तेव्हाही ती कुणी पाहिली नाही, तेव्हाही ताप आला आणि पू गेला. फक्त तेव्हा गाडी मेहकरला गेली नाही. ती आजारी होती माझी बहीण. तिनं मला हे आत्ता कळवलं, आणि कळवतानाही घोडीच्या नावाखाली उत्तर दे म्हणाली. मी तसं देणार नाही. मी जनावरांचा डॉक्टर आहे, माणसांतलं मला कळत नाही आणि मी कसलाही भरवसा देत नाही. पण तिचं पोट कुणाच्या शापानं रिकामं राहिलेलं नाही. त्यात पायगुणाचा संबंध नाही. ओढणाऱ्या हाताचा आहे आणि न पाहणाऱ्या डोळ्यांचा आहे. तिला अकोल्याला बायकांच्या दवाखान्यात न्या. तिथं बाईडॉक्टर आहेत, परपुरुषाचा प्रश्न येत नाही. तिला आधी तपासा, मग काय ते ठरवा.

मामा, तुम्ही घोडीसाठी घरातला सालदार शुक्रवारच्या शुक्रवारी पळवलात. सुनेसाठी तीन वर्षांत बैल जुंपले नाहीत, आणि आता बाशिंग मात्र हौसेनं आणायला निघालात. दुसरी बायको करणं कायद्यानं गुन्हा आहे, तेही माहीत असू द्या. तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. याहून अधिक लिहिलं तर लहान तोंडी मोठा घास होईल, म्हणून थांबतो.
— वामन

*

सुलतानपूर,
ता. १९ मार्च १९६४

दादा,

हे पत्र माझं एकटीचं आहे. मामाजींना सांगून लिहिते आहे. ते म्हणाले, लिही, माझ्याकडून काही टाकू नको.

तुझी शपथ मी अर्धीच पाळली. 'ती आजारी होती माझी बहीण' इथपर्यंत वाचलं आणि पुढचं अक्षर मला दिसेना. तेव्हा हे खांबापासून उठले, माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं यांनी वाचलं. तुला माहीत आहे, हे किती बोलतात ते. पण वाचताना कुठं थांबले नाहीत, बाशिंगापाशीसुद्धा नाही. संपल्यावर कागदाची घडी करून खिशात घातली आणि मला विचारलं, 'वार ओढली होती? मले काऊन नाही सांगतलं?' काय सांगणार? त्या खोलीतलं पुरुषांना सांगायचं नसतं असं मला आत्याबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. उठल्या आणि लाखीच्या कोंड्यात पाणी घालायला गेल्या.

मामाजी म्हणाले, 'कायदा मेहकरपर्यंत आला असन, सुलतानपूरचा रस्ता त्याले सापडला नाही अजून.' आणि थोड्या वेळानं, 'मेहकरहून अकोल्याची मोटर किती वाजता सुटते, पाहून ये निवृत्ती.'

तेव्हा अकोल्याला जायचं ठरलं आहे, गुढीपाडवा झाला की.

पण तुझा राग चुकीच्या घरावर गेला. तुला कळवायचं टाळत होते, आता टाळून चालणार नाही. दुसऱ्या लग्नाची गोष्ट मामाजींनी काढलेली नाही. ती आपल्या बाबांनी काढली. माघ महिन्यात ते इथं आले होते. म्हणाले, व्याही, तुम्ही आज ना उद्या दुसरी आणणारच. परकी आली तर माझ्या लेकीला दासी करील. त्यापेक्षा माझीच धाकटी घ्या. बहिणी-बहिणी गुण्यागोविंदानं नांदतील.

होय दादा, रुख्मी. सातवीची परीक्षा द्यायची आहे तिला. मी तिचे केस विंचरून तिला शाळेत पाठवलं आहे. तिला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. बाबांना मी दुष्ट म्हणू शकत नाही. त्यांनी माझ्यासाठीच केलं. माझं भलं व्हावं म्हणून ते दुसरी लेक द्यायला निघाले आहेत, आणि मला रात्रंदिवस हाच विचार की माझ्या नशिबात तिला कशाला ओढायचं.

तू घरी दुसरबीडला जा. पत्रानं बाबा ऐकणार नाहीत.
— पूर्णा

*

दुसरबीड,
ता. २७ मार्च १९६४

पूर्णे,

रजा काढून आलो आहे. आधी रंगरावमामांना माझ्याकडून सांग की वामन चुकला, पुढच्या भेटीत पायाशी येऊन बोलेन. इतका रागीट माणूस जनावरांत कसा टिकतो असं तुझी वहिनी म्हणते. जनावरं पत्र लिहीत नाहीत, म्हणून टिकतो.

बाबांशी काल आणि आज बोललो. बोललो म्हणजे ओरडलो. ते ओरडले नाहीत, त्यानं मी जास्त ओरडलो. त्यांचं म्हणणं असं की मी शहरात नोकरी करतो, मला लेक दिलेल्या बापाची झोप काय माहीत. म्हणाले, 'पूर्णाचं म्हातारपण कोण पाहीन? तू भंडाऱ्याहून येशीन?'

रुख्मीला सगळं ठाऊक आहे. तिनं मला भूगोलाचं पुस्तक दाखवलं, नद्या पाठ म्हणून दाखवल्या, आणि पुस्तक मिटून म्हणाली, 'दादा, अक्काचा संसार मले नाही पायजे. पण अक्काले त्यानं बरं वाटत असन तर म्या जाईन.' मी उठून बाहेर गेलो.

शेवटी बाबा एवढ्यावर आले. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पूर्णाला मूल होईल, तर ते हा विषय सोडतील. नाही म्हणाल्या, तर अक्षयतृतीयेला रुख्मीचं लग्न. तुम्ही अकोल्याहून परताल त्या दिवशी ते स्वतः सुलतानपूरला येऊन निकाल ऐकणार आहेत. यापुढे मला त्यांना हलवता आलं नाही. तू माझ्यावर भिस्त ठेवलीस आणि मी एवढंच करू शकलो, याचं वाईट वाटतं.

दवाखान्यात काही लपवू नकोस. लाज वाटली तर घोडीचं सांगते आहेस असं समज.
— वामन

*

सुलतानपूर,
ता. २२ एप्रिल १९६४

दादा,

अकोल्याहून रविवारी आलो. आज लिहिते आहे, कारण दोन दिवस हात उठला नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. वयानं आपल्या आईएवढ्या. तू घोडीचे विचारलेस तेच सगळं त्यांनी मला विचारलं, आणि मी तुझ्या सांगण्याप्रमाणे लाज बाहेर ठेवली. तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं, भूल देऊन आतलं साफ केलं, सुया दिल्या. ओटीपोटातलं दुखणं आत्ताच निम्मं झालं आहे. ते हळूहळू जाईल असं म्हणाल्या. मग यांनाही बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं. पू आत फार दिवस राहिला, त्यानं आतल्या नळ्या बंद झाल्या आहेत. मूल राहणार नाही. 'पहिल्या महिन्यात आणली असती तर,' एवढं म्हणून त्या थांबल्या. मेहकर आलं तेव्हा हे म्हणाले, 'घरी म्या बोलीन. तू चूप राह्य.' मी समजले. हे खोटं बोलणार होते.

दादा, मलाही वाटलं की बोलू द्यावं. एका खोट्यानं रुख्मी सुटत होती, मीही सुटत होते. वाटेतला सारंगपूरचा चढ येईपर्यंत मी हेच ठरवलं होतं. मग वाटलं, वर्षभरानं काय? पुन्हा माघ येईल, पुन्हा बाबा येतील, आणि तोवर दर महिन्याला मी खोटं लपवत बसेन. कपडे लपवून धुण्याचे दिवस मी एकदा काढले आहेत.

अंगणात बाबा बाजेवर बसले होते. मामाजी शेजारी. आत्याबाई दारात. हे म्हणाले, 'औषध दिलं. होईल म्हणते डॉक्टरीण.' बाबांचा चेहरा उजळला. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, 'नाही होणार. तसं स्पष्ट सांगितलं त्यांनी. हे माझ्यासाठी खोटं बोलताहेत.'

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच मामाजींना म्हणाले, 'तर मंग व्याही, ठरल्यापरमानं.' मामाजींनी मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे ओठ हलले, पण दोघा वडीलधाऱ्यांसमोर आवाज फुटेना. त्या वेळी मला यांचा राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

तेव्हा आत्याबाई दारातून अंगणात आल्या. आपल्याकडे व्याह्यांसमोर बाई येऊन बोलत नाही, तुला माहीत आहे. त्या आल्या आणि बाबांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या,

'महादेवराव, तुमची पोरगी शाळेत धाडा. घोडीची वार म्या गाडली, हिची बी म्याच गाडली. दोन्ही खेपेले पाह्यली नाही. घोडीच्या पोटातून तो तुकडा निंघाला तवा म्या तिथं उभी होती. माह्या डोळ्यापुढं हे पोरगीच आली. महिनाभर तापानं फणफणून राह्यली होती अन् म्या शेगडी पेटवत होती. उद्या तुमची धाकटी आणली तर तिची वार बी मलेच गाडा लागन. मले नाही पायजे दुसरी सून. मले हेच सून पायजे.'

मामाजी म्हणाले, 'अवं, घराले वारस?' त्या त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, 'तुमच्या पुतण्याले चार पोरं हायेत. एक मांडीवर घ्या. नाही तर जमीन शिंगराच्या नावानं करा.' मग पदर सावरून आत गेल्या, आणि आतून चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. बाबा जेवायला थांबले नाहीत. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. टोपी घालायची मात्र विसरले, आणि ती यांनी वेशीपर्यंत नेऊन दिली. मामाजींनी संध्याकाळी अक्षयतृतीयेसाठी सांगितलेल्या भटजींना निरोप पाठवला की येऊ नका. म्हणजे तो विषय संपला, दादा. रुख्मीला तूच कळव.

ती संध्याकाळ मी चुलीपाशी बसून काढली. मला वाटत होतं मला रडू येईल, पण येत नव्हतं. आत्याबाई भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'तुले दाखवलं नव्हतं. म्या सांगतलं होतं नेऊन टाका, तिले दाखवू नका, जीव लावन.' मी विचारलं, काय दाखवलं नव्हतं? तर म्हणाल्या, 'लेकरू.' मग पिठाचे हात तसेच ठेवून मला सगळं सांगितलं. रंग, नखं, आणि डोक्यावर भरपूर जावळ. लेकराला अंघोळ घालून त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं. हे सगळं त्यांनी तीन वर्षं एकट्यांनी जपलं होतं. तेव्हा मी रडले आणि त्याही रडल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.

मुलगी होती, दादा. तुला भाची झाली होती.
— पूर्णा